लाबादीला जहाज लागलं नाही तो दिवस

हैतीच्या उत्तरेला, काप-आइसियँ शहराजवळ, लाबादीचा कुंपण घातलेला किनारा आहे. क्रूझ कंपनीने तो 1986 पासून भाड्याने घेतलाय. मोठ्या जहाजांसाठी 2009 मध्ये धक्का झाला. आम्हा गॅलीवाल्यांसाठी, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांसाठी, लाबादी म्हणजे किनाऱ्यावरचं बार्बेक्यू असायचं.

तयारी आदल्या रात्रीपासून चालायची. कच्चं चिकन वितळवून 5 अंश सेल्सिअसच्या आत ठेवायचं, रिब्ज आधीच शिजवायच्या, सॅलड थंड पेट्यांत भरायचं. पहाटे सगळं पॅलेटवर रचून फोर्कलिफ्टने धक्क्यावर उतरायचं. गरम पदार्थ 57 अंशांच्या खाली आला की धोका. तापमान राखणं शक्य नसेल तर पदार्थ बाहेर काढल्याची वेळ चिठ्ठीवर लिहायची आणि 4 तासांत उरलेलं टाकायचं. किनाऱ्यावर मांडलेलं काहीही जहाजावर परत वाढत नाहीत.

त्या सकाळी वारा वाढला. एवढ्या उंच जहाजाची बाजू शिडासारखी वारा धरते. जहाज आडवं ढकलणाऱ्या थ्रस्टर्सना ती रेटता येईना तेव्हा कॅप्टनने लाबादी रद्द केलं.

खरी अडचण जहाजावरच्या बफेत झाली. एरवी बरेचसे प्रवासी खाली किनाऱ्यावर जेवायचे, म्हणून वर जहाजावरची तयारी बेताचीच असायची. आता सगळे वरच. वितळलेलं चिकन पुन्हा गोठवायचं नाही, उघड्या डेकवर कोळसा पेटवायचा नाही. मग सगळं कॉम्बी ओव्हनमध्ये (वाफ आणि गरम हवा दोन्हीवर शिजवणारा ओव्हन), आतलं तापमान 74 अंशांपर्यंत नेऊन, छोट्या खेपांत. मोठे ट्रे एकदम भरले की ओव्हनची वाफ कमी पडते आणि मधले तुकडे कच्चे राहतात. रिब्ज तलावाच्या डेकवर वाढल्या.

जहाजावर निभावलं. किनाऱ्यावर मात्र मुखवटे, चित्रं, लाकडी भांडी विकणाऱ्यांचा दिवस बुडाला. जहाज लागलं नाही की बंदराचे पैसेही प्रवाशांच्या खात्यात परत जातात. सरकारला प्रवाशामागे मिळणारा कर आला कुठून?

स्टेफनी व्हिलद्रुएँ 2011 ते 2016 हैतीच्या पर्यटनमंत्री होत्या. त्या काळात, 2014 मध्ये, मायामीहून काप-आइसियँला थेट विमान सुरू झालं. पाहुण्यांना विमानाने मुक्कामाला आणायचं हे धोरण मला पटतं. शहरात मुक्कामाला आलेला पाहुणा ग्रियो (तळलेलं डुकराचं मांस) आणि पिक्लिझ (तिखट कोबीचं लोणचं) खातो, सितादेल हा डोंगरावरचा किल्ला चढतो, वाऱ्याने परत जात नाही. जहाजाचा पाहुणा मात्र बाहेरून आणलेलं चिकन खातो, कारण मान्यता नसलेल्या पुरवठादाराचा माल गॅलीत घेताच येत नाही.

हॉटेल चालवलेला माणूस पर्यटनमंत्री झाला तर त्याने हीच गाठ आधी सोडवावी. मांस, अंडी यांना अखंड शीतसाखळी लागते. ती उभी करायला वर्षं जातील. फळांपासून सुरुवात करता येईल. हैतीचा फ्रान्सिक आंबा गरम पाण्याची प्रक्रिया करून अमेरिकेत गेलेला आहेच. त्याच प्रतवारीच्या पेट्या, शेताची नोंद आणि तोडणीची तारीख लावून, लाबादीच्या धक्क्यावर आल्या तर जहाजाचा अन्नसाठा सांभाळणाऱ्या प्रोव्हिजन मास्टरला खरेदीचा विचार करता येईल.