बेडचं वजन बरोबर होतं, तरीही

ब्यूटेन वायूपासून मॅलेइक अनहायड्राइड (रेझिन बनवायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या रिअॅक्टरला सुरू करायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं, तेव्हा मला धास्ती होती ती आगीची. हवेत ब्यूटेन साधारण 1.8 टक्क्यांच्या वर गेला की मिश्रण पेट घेऊ शकतं. आम्ही 4 टक्क्यांच्या जवळ चालवणार होतो. फ्लुइडाइज्ड बेडमध्ये, म्हणजे खालून येणाऱ्या वायूने उसळत ठेवलेल्या कॅटलिस्टच्या (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाच्या) पुडीच्या थरात, हे जमतं, कारण हवा आणि ब्यूटेन वेगवेगळ्या वाटांनी आत येतात आणि एकमेकांत मिसळतात ते थेट उसळत्या कॅटलिस्टमध्ये. तिथे ज्वाळा पसरूच शकत नाही. भोवतीचे कण तिची उष्णता ओढून घेतात.

गरम हवेने बेड तापवण्यात दोन दिवस गेले. मग थोडा थोडा ब्यूटेन सोडला. ब्यूटेनचं मॅलेइक अनहायड्राइड होताना एका मोलमागे 1200 किलोज्यूलहून जास्त उष्णता सुटते, आणि तोच ब्यूटेन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर दुपटीहूनही जास्त. एवढी उष्णता कूलिंग कॉइलमधलं पाणी वाफ होऊन घेऊन जात होतं आणि तळापासून वरपर्यंत तापमान 410 अंश, फरक दोन-तीन अंशांचा! पॅनेलवरचे ते एकसारखे आकडे मी बराच वेळ नुसते बघत बसलो होतो.

पाचव्या आठवड्यात कन्व्हर्जन, म्हणजे आत गेलेल्या ब्यूटेनपैकी किती वापरला जातो ते प्रमाण, घसरू लागलं. मला वाटलं, व्हॅनेडियम-फॉस्फरसच्या या कॅटलिस्टमधला फॉस्फरस कमी झाला असणार, कारण तो हळूहळू निघून जातो हे माहीत होतं. म्हणून मी बेडचं तापमान 8 अंशांनी वाढवलं. ही माझी चूक होती. कन्व्हर्जन जेमतेम सुधारलं, पण कार्बन मोनॉक्साइड वाढला. त्याहून वाईट म्हणजे बेडच्या वरच्या मोकळ्या जागेतलं तापमान बेडपेक्षा जास्त दिसू लागलं. न जळलेला ब्यूटेन आणि उरलेला ऑक्सिजन तिथे पोचून जळत होते, आणि तिथे उष्णता ओढायला कण नव्हते. मी लगेच ब्यूटेन कमी केला.

बेडच्या वजनाकडे मी रोज बघत होतो. बेडच्या वरच्या आणि खालच्या दाबातला फरक म्हणजे जवळजवळ दर चौरस मीटरवरचं कॅटलिस्टचं वजन. तो आकडा पहिल्या दिवसासारखाच होता. तो बरोबर आहे म्हणून मी निश्चिंत राहिलो. शेवटी आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर म्हणाले, "साहेब, वजन बरोबर आहे, कारण आपण दर आठवड्याला कॅटलिस्टचा नवा माल टाकतोय. आधी एवढा लागत नव्हता."

नमुना काढून चाळणीला लावला. 45 मायक्रॉनखालची बारीक पूड सुरुवातीला 30 टक्के होती, ती 14 वर आली होती. मला ही पूड म्हणजे झिजेचा कचरा वाटायची. प्रत्यक्षात तीच बेडला पातळ, वाहता ठेवते. ती असली की बुडबुडे लहान राहतात आणि वायू सारखा कणांमध्ये येत-जात राहतो. ती गेली की बुडबुडे फुगतात, आणि त्यांच्या पोटातला ब्यूटेन कॅटलिस्टला न शिवता वर निघून जातो. आमचं कॅटलिस्ट धडधाकट होतं, ब्यूटेन त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

शटडाऊन घेतला. वायूबरोबर वर आलेली पूड गरगर फिरवून वेगळी करणाऱ्या एका सायक्लोनच्या खाली उतरणाऱ्या पाइपच्या तोंडाशी असलेली झडप अर्धवट उघडी अडकली होती. त्यातून वायू उलटा वर चढायचा, आणि सायक्लोनने पकडलेली पूड परत खाली येण्याऐवजी बाहेर जायची. जाताना आधी बारीकच जाणार. तिच्या जागी टाकलेल्या नव्या मालातलीही बारीक पूड पुन्हा त्याच वाटेने जायची. वजनाच्या काट्याला यातलं काहीच कळत नव्हतं.

झडप बदलली, फिल्टरमध्ये जमलेली पूड बेडमध्ये परत भरली आणि 410 अंशांवरच पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या रात्री वरच्या जागेतलं तापमान बेडच्या तापमानापेक्षा कमी झालं. त्यानंतर ब्यूटेन 4 टक्क्यांकडे न्यायला मी चार दिवस घेतले, आणि प्रत्येक टप्प्याआधी चाळणीचा निकाल हातात येईपर्यंत व्हॉल्व्हला हात लावू दिला नाही.