मे महिन्यातलं गोदाम

वापरून झालेल्या लिथियम बॅटऱ्या दुकानांतून आणि सर्व्हिस सेंटरांतून उचलायच्या आणि अधिकृत रिसायकलरकडे पोचवायच्या, हे माझं काम. इंदूर, देवास, पीथमपूर हा माझा टापू. नातेवाइकांच्या मते हा भंगाराचाच धंदा, फक्त कागद जास्त. कागद जास्त हे मात्र खरं.

इंदूरमधल्या सांवेर रोडच्या औद्योगिक भागात ई-रिक्षा आणि इलेक्ट्रिक स्कूटरचं एक सर्व्हिस सेंटर आहे. मालक रामबागेतले, माझ्या बाबांच्या ओळखीचे. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला अगं-तुगं करतात. हिशेब वहिनींकडे. मे महिन्यात भाऊंचा फोन आला, "मागची शेड रिकामी करायची आहे गं. गाडी घेऊन ये, आणि भाव काय देणार ते आत्ताच सांग."

भाऊंची हयात शिशाच्या बॅटऱ्यांत गेली. जुनी शिशाची बॅटरी म्हणजे रोकड. काट्यावर टाकली की पैसे हातात. तोच हिशेब त्यांनी लिथियमला लावला होता. दर चढला की विकू, म्हणून साठवत गेले. पण ई-रिक्षाचे लिथियम पॅक (अनेक सेल जोडून केलेली बॅटरी) बहुतेक एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटचे. त्यांत कोबाल्ट नाही, निकेल नाही. तांबं, ॲल्युमिनियम आणि थोडं लिथियम काढायचं, त्यात वाहतुकीचा आणि प्रक्रियेचा खर्च जाऊन फारसं काही उरत नाही. स्कूटरच्या पॅकमध्ये बऱ्याचदा निकेल-कोबाल्ट असतं. त्याला मोल आहे, आणि भडकायलाही तोच पुढे. हे भाऊंना मी आधीही सांगितलं होतं. त्यांना वाटायचं, पोरगी भाव पाडतेय.

शेडचं शटर वर केलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. वर पत्रा, खिडकी नाही. पॅक पोत्यांत कोंबलेले, काहींच्या वायरी कापून उघड्या सोडलेल्या, आणि कोपऱ्यात थिनरचे डबे. एक वास आला, गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. डबे हलवून पाहिले, झाकणं घट्ट होती. बॅटरीच्या आतलं द्रावण कुठून तरी झिरपतंय, हे तेव्हाच कळलं.

टेम्परेचर गन फिरवली. सगळीकडे 43-44 अंश, पत्र्याखाली तेवढं असायचंच. दारापाशी पोत्यातून अर्धा बाहेर आलेल्या एका स्कूटरच्या पॅकवर 46. दोन अंशांनी कोण घाबरतं? पण त्याचं कव्हर चकचकीत ॲल्युमिनियमचं होतं, आणि अशा पृष्ठभागावर ही गन हमखास फसते. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो, आजूबाजूचीच परावर्तित करतो. खिशातली काळी इन्सुलेशन टेप कव्हरवर चिकटवली, थोडं थांबले आणि टेपवर गन धरली. 61. दहा मिनिटांनी 63.

वहिनींना पॅकचा नंबर वाचून दाखवला. त्यांनी वही उघडली. प्रत्येक पॅक कधी आला, कुठल्या गाडीचा, कशासाठी, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. त्या नंबरापुढे लिहिलं होतं: "गाडी ट्रकखाली. डावी बाजू चेपली. उघडला नाही." पोतं बाजूला सारलं तर डाव्या अंगाला खरंच खोल खळगा. शिवाय आदल्या दिवशी हमालांनी जागा करायला पोती हलवली होती. हलवली म्हणजे आपटली.

लोक म्हणतात बॅटरी मेली. गाडी चालत नाही एवढंच त्यातलं खरं. एखादा सेल गेला किंवा आतलं कंट्रोल सर्किट बिघडलं की पॅक वीज देणं बंद करतो. बाकीच्या सेलांत चार्ज तसाच बसलेला असतो. सेलच्या आत दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकची एक फिल्म असते, साधारण 20 मायक्रॉनची. चेपलं, की तिला भोक पडू शकतं. मग आतल्या आत बारीक शॉर्ट, हळूहळू ऊब, आणि मेच्या शेडमध्ये ती ऊब बाहेर जायला वाट नाही. 130 अंशांच्या आसपास फिल्म वितळायला लागते. तिथून पुढे थांबवणं कुणाच्याच हातात राहत नाही.

सगळ्यांना बाहेर काढलं, मेन स्विच बंद केला, 101 ला फोन लावला. पॅकमधून धूर नव्हता, सूं असा आवाज नव्हता, तापमान हळूच चढत होतं. धूर असता तर त्याला हात लावू दिला नसता. आमच्या ड्रायव्हरने आणि मी फेसशील्ड, हातमोजे घातले, लांब फळीने पॅक लोखंडी ट्रॉलीवर सरकवला आणि मोकळ्या अंगणात भिंतीपासून दूर वाळूवर उतरवला. भाऊ दुरून ओरडत होते, "अगं, स्कूटरचा आहे तो, भाव आहे त्याला, जपून!"

फायर ब्रिगेडची गाडी फाटकातून आत आली आणि पांढरा धूर सुटला. लोकांना ती वाफ वाटते. ते पेट घेणारं द्रावण असतं. सगळ्यांना वारा येत होता त्या बाजूला नेईपर्यंत भडका उडालाच. शेजारच्या कारखान्याचा चौकीदार बिचारा पावडरचं सिलिंडर घेऊन धावत आला आणि मी नको म्हणेपर्यंत त्याने ते रिकामंही केलं. ज्वाळा खाली बसली. भाऊंचा चेहरा खुलला. मग ज्वाळा पुन्हा उठली, आधीपेक्षा उंच. पावडरने ज्वाळा दबते, पण आतले सेल थंड होत नाहीत, आणि तापलेला प्रत्येक सेल शेजारच्याला पेटवत जातो.

एका जवानाने विचारलं, "मॅडम, बैटरी है, पानी डालें?" डाला, म्हटलं, अंतर ठेवून, आणि थांबू नका. सेल तडातडा फुटत होते. एकाचं स्टीलचं कवच उडून भिंतीवर आदळलं. विझल्यासारखा वाटला तेव्हा गन धरली. आता तो जळून काळा झाला होता, त्यामुळे टेपची गरज उरली नव्हती. 90. जरा वेळाने 110. पुन्हा पाणी. असं दोनदा झालं. अखेर लांब आकड्यांनी उचलून पाण्याने भरलेल्या उघड्या पिंपात बुडवला. झाकण मुद्दाम लावलं नाही, आत वायू कोंडला तर वेगळंच संकट. पाणी गटारात जाऊ नये म्हणून वाळूचा बांध आधीच घातला होता. बॅटरीच्या द्रावणातला लिथियमचा क्षार पाण्याशी मिळाला की घातक हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं.

फायर ब्रिगेड गेल्यावर भाऊ पिंपाशी उभे राहून म्हणाले, "याचे पैसे आता मिळणार नाहीत ना?"

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला बोलावं लागलं नाही.

उरलेले पॅक उन्हं उतरल्यावर हाती घेतले. प्रत्येकाच्या टर्मिनलवर टेप, प्रत्येक पॅक वेगळ्या प्लास्टिकमध्ये, मग पिंपात कोरड्या वाळूच्या थरांवर. एलएफपी एका पिंपात, निकेलवाले दुसऱ्यात, फुगलेले किंवा चेपलेले तिसऱ्यात, आणि तिसरं पिंप बाकीच्यांपासून लांब, सावलीत. मिठाच्या पाण्यात बुडवून डिस्चार्ज करायची युक्ती व्हिडिओ बघून सगळ्यांना ठाऊक झालीय. अख्ख्या पॅकवर ती करू नये: टर्मिनल गंजतात, वायू सुटतो आणि आत चार्ज उरला की नाही हे कळत नाही. ते काम रिसायकलरचं. तिथे पॅक रीतसर डिस्चार्ज होतात, निष्क्रिय वायूत भरडले जातात आणि त्यातून निघणाऱ्या काळ्या भुकटीतून आम्लाने धातू काढतात.

भाऊंचं शेवटचं अस्त्र होतं, "कबाडी तर किलोने नेतो, काही विचारत नाही." 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे, की बॅटरी बाकी कचऱ्यात मिसळू नये आणि संकलन किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याच्याच हाती द्यावी. जाळणं, पुरणं तर बंदच. भाऊंच्या घरी सकाळी कचरागाडी येते तेव्हा वहिनी ओला, सुका, प्लास्टिक सगळं वेगळं देतात. 2017 पासून सलग सात वेळा देशात स्वच्छतेत पहिला नंबर घेतलेल्या इंदूरचा अभिमान भाऊंच्या तोंडी कायम असतो. हे मी बोलून दाखवलं. वहिनी हसल्या, भाऊ नाही.

जळका पॅक मी त्या गाडीत घेतला नाही. तो पाण्यातच ठेवून पुढच्या आठवड्यात वेगळ्या गाडीने नेला.

वहिनींनी वहीत नवा रकाना आखलाय: चेपला, फुगला, भिजला. त्यात खूण झाली की पॅक शेडमध्ये जात नाही, अंगणातल्या जाळीच्या पिंजऱ्यात जातो आणि मला त्याच दिवशी फोन येतो. पिंजरा भाऊंच्या कारच्या जागेवर बांधलाय. ते कार आता रस्त्यावर लावतात आणि मी गेले की पहिल्यांदा त्याचीच तक्रार करतात.