आठ विरुद्ध दोन, आणि त्यानंतरची ग्रामसभा

नोटिशीवर आठ सह्या होत्या. ग्रामपंचायत नऊ सदस्यांची, शिवाय थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचबाई. कारण नेहमीचंच: "सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार." अविश्वासाच्या बहुतेक नोटिशींत हेच वाक्य येतं, कारण कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्याकडं मजकूर तयार असतो, गावाचं आणि सरपंचाचं नाव तेवढं बदलायचं.

मी जालना जिल्ह्यातल्या एका तहसीलमध्ये नायब तहसीलदार आहे. सदस्यांच्या सभेत मी तहसीलदार साहेबांच्या मदतीला होते आणि पुढच्या विशेष ग्रामसभेसाठी जिल्हाधिकारी कार्यालयातून माझीच नेमणूक झाली. त्यामुळं पहिल्या सहीपासून शेवटच्या मतपत्रिकेपर्यंत सगळं प्रकरण माझ्या हातून गेलं. निकाल लागला, अहवाल गेला, तरी ते डोक्यातून जात नाही.

लोकांना वाटतं अविश्वास म्हणजे मतदानाचा दिवस. आमच्या दृष्टीनं खरी लढाई त्याआधीच्या सात दिवसांत असते. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत सभा घ्यावी लागते आणि तेवढ्यात प्रत्येक सदस्याला सभेची नोटीस मिळाल्याचा पुरावा तयार व्हावा लागतो. नेमके त्याच वेळी सदस्य गावात नसतात. त्यांना "सहलीला" नेलेलं असतं, मोबाईल काढून घेतलेले असतात, आणि घरी विचारलं तर म्हातारी सासू सांगते, "देवाला गेलेत." मग तलाठी आणि कोतवाल दारोदार फिरतात. घरच्यांनी नोटीस घेतली नाही तर ती दारावर डकवायची, दोन पंचांसमोर पंचनामा करायचा, दाराचा आणि डकवलेल्या कागदाचा एकत्र फोटो काढायचा, फोटोत घर ओळखू यावं म्हणून ओटा किंवा शेजारचा विजेचा खांब घ्यायचा. ही काळजी मी माझ्या लोकांकडून घोटून घेतलेली आहे. कोर्टात ठराव कोसळतो तो बहुधा मतांमुळं नाही, तामिली, म्हणजे नोटीस पोचवणं, नीट झाली नाही म्हणून. आमच्या तलाठ्यानं दुष्काळी अनुदानाच्या याद्यांचं काम अंगावर असताना रात्री नऊपर्यंत उभं राहून पंचनामे लिहिले. अशा माणसांचं नाव कुठल्याही अहवालात येत नाही.

सभेच्या दिवशी आठही जण दोन गाड्यांतून थेट ग्रामपंचायतीच्या दारात उतरले. एकमेकांना खेटून आत आले, खेटूनच बसले. साहेबांनी ठराव वाचला, हात वर झाले. आठ विरुद्ध दोन. विरोधातले दोन म्हणजे एक सदस्य आणि स्वतः सरपंचबाई. तीन चतुर्थांशाची अट पूर्ण झाली. बाई मात्र उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या साहेबांना म्हणाल्या, "सायेब, मला ह्यांनी नाही निवडून देलं. गावानं देलं. गावाला इचारा."

कायद्यातही तेच आहे. थेट निवडलेल्या सरपंचावरचा ठराव सदस्यांनी मंजूर केला तरी तो विशेष ग्रामसभेपुढं ठेवून गुप्त मतदानानं त्यावर गावाची मान्यता घ्यावी लागते.

स्पर्धा परीक्षेसाठी मी राज्यशास्त्र घोकलं, पण त्याचा अर्थ मला त्या खोलीत समजायला लागला. अविश्वास ठराव हे ब्रिटिश संसदेचं हत्यार. तिथं सरकार सभागृहातून जन्माला येतं, म्हणून सभागृह ते पाडू शकतं. कारणंही द्यावी लागत नाहीत. आपल्या लोकसभेतसुद्धा अविश्वासाला कारण लागत नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी याची सरळ फोड करून सांगितली होती. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त; मसुद्यानं जबाबदारी निवडली. या पद्धतीत सरकारची झडती दोनदा होते: सभागृहात प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून रोज, आणि निवडणुकीत मतदारांकडून.

त्या भाषणाची तारीख आम्हा मराठवाड्यातल्यांना वेगळी लागते. 17 सप्टेंबरला हैदराबाद मुक्त होऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. घटनासभेत आमचा प्रतिनिधी नव्हता. मुंबई इलाख्यात 1935 च्या भारत सरकार कायद्याखाली 1937 साली बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. मतदार मर्यादित होते, गव्हर्नरच्या हाती राखीव अधिकार होते, तरी विधिमंडळाला उत्तर देणारे मंत्री तिथल्या लोकांनी पाहिले. त्याच 1937 साली आमच्याकडं परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरत होतं. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि सत्याग्रह झाला. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकांच्या प्रतिनिधींना उत्तर देणाऱ्या सरकारची. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले ते यासाठी. इंग्रजी अमलातल्या इलाख्यांना ही पद्धत हप्त्याहप्त्यानं मिळाली, 1909, 1919, 1935. आम्ही निजामाच्या फर्मानातून उठून 1952 साली एकदम प्रौढ मताधिकाराच्या रांगेत उभे राहिलो. म्हणून इथं कुणी "गावकऱ्यांना यातलं काय कळतं" असं म्हटलं की मला राग येतो. हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा आमच्याच खात्यातल्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे.

ग्रामसभा शाळेच्या मैदानावर ठेवली. मतदान यंत्र नाही, जुन्या लोखंडी पेट्या. कनातीचे आडोसे, मतदार यादीच्या चिन्हांकित प्रती, बोटाला शाई, शिक्के. खरी अडचण मतपत्रिकेची होती. प्रश्न "सरपंच हवा की नको" असा विचारता येत नाही, ठरावावर मत घ्यावं लागतं. म्हणजे ज्याला बाई राहाव्यात असं वाटतं त्यानं "विरोधात" शिक्का मारायचा आणि ज्याला त्या जाव्यात असं वाटतं त्यानं "बाजूने". आम्ही "बाजूने"समोर बरोबरची खूण आणि "विरोधात"समोर फुली छापली होती. सकाळी पहिल्याच रांगेत एका आजोबांनी मला थांबवलं. "मॅडम, बाई चांगली हाय म्हणून मी बरोबरवर शिक्का मारला, तर बाई जाती का?"

मी हो म्हणाले, आणि माझ्या लक्षात आलं की सबंध दिवस या एका वाक्यावर उभा आहे. मग मतदान थांबवलं. दोन्ही बाजूंची माणसं माईकजवळ उभी केली आणि त्यांच्यासमोर सांगितलं: "ठराव सरपंचांना काढण्याचा आहे. काढायचं असेल तर बरोबरची खूण. ठेवायचं असेल तर फुली." दोन्ही गटांनी मान डोलावली तेव्हाच पुढं गेले. तेच वाक्य, एकही शब्द इकडंतिकडं न करता, दिवसभर ठरावीक अंतरानं माईकवरून सांगत राहिले, कारण शब्द बदलला असता तर उद्या कुणीतरी म्हटलं असतं की मॅडमनी प्रचार केला. फळ्यावरही मोठ्या अक्षरांत तेच लिहून घेतलं. मला त्या दिवसातल्या कुठल्या गोष्टीचा अभिमान असेल तर याचा. बाद मतं फार थोडी निघाली.

ऊन चढलं तरी रांग हटली नाही. कापूस वेचणीचे दिवस, बायांची मजुरी बुडत होती, तरी त्या आल्या. काही जणी ठरावाच्या बाजूनं मत द्यायला आल्या होत्या हेही सांगते. पाण्याच्या टाकीवरून बाईंवर राग असलेली एक अख्खी गल्ली होती आणि त्या रागात तथ्य होतं. गाव बाईंवर लट्टू नव्हतं. त्यांनी आपला हिशेब केला आणि मत दिलं.

मोजणी शाळेच्या वर्गात, दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींसमोर, पन्नासपन्नासचे गठ्ठे बांधून. फुलीचे गठ्ठे वाढत गेले. ठराव फेटाळला गेला आणि फरक चांगला मोठा होता. मी निकाल जाहीर केला, इतिवृत्तावर सह्या घेतल्या. त्या आठांतल्या उपसरपंचांनीही निमूट सही केली, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

मग सरपंचबाई जवळ आल्या. आनंदात होत्या, पण चेहरा कोड्यात पडल्यासारखा होता. "मॅडम, मला इचारलं गावाला. आता ह्या आठांना कवा इचारणार?"

मी म्हणाले, पुढच्या निवडणुकीत.

याच ठिकाणी मी अडकले आहे. ब्रिटनमध्ये 28 मार्च 1979 रोजी पंतप्रधान कॅलहन यांचं सरकार 311 विरुद्ध 310 असं एका मतानं पडलं. त्यानंतर एकटे कॅलहन लोकांपुढं गेले नाहीत. संसद विसर्जित झाली आणि त्या 311 जणांनाही आपापल्या मतदारसंघात जाऊन मतं मागावी लागली. आपल्याकडं 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयींचा विश्वासदर्शक ठराव 269 विरुद्ध 270 असा एका मतानं पडला. दुसरं सरकार उभं राहिलं नाही, लोकसभा विसर्जित झाली, आणि पाडणारेही वाचवणाऱ्यांबरोबर निवडणुकीला सामोरे गेले. सरकार पाडताना आपलीही खुर्ची जाऊ शकते, ही भीती त्या पद्धतीत मुळातच बसवलेली आहे. हात वर करणाऱ्याला तो वर करण्यापूर्वी विचार करायला तीच लावते.

आमच्या गावात आठ जणांनी हात वर केला, गावानं त्यांना चूक ठरवलं, आणि आठही जण दुसऱ्या दिवशी सदस्यच होते. त्यांनी काही गमावलं नाही. सरपंच थेट निवडायचा ही एका पद्धतीतली गोष्ट, तो सदस्यांनी पाडायचा ही दुसऱ्या पद्धतीतली. 2017 साली थेट सरपंच आला, 2020 साली गेला, 2022 साली परत आला. दर वेळी चर्चा फायदा कुणाचा यावर झाली. हा सांधा नीट बसतो का, हे विचारणारं कुणी मला भेटलं नाही.

आता ग्रामपंचायतीच्या सभेला सदस्य येत नाहीत. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते. वित्त आयोगाच्या निधीतली गटारीची कामं पडून आहेत. आणि जिच्यावरून भांडण झालं ती पाण्याची टाकी अजून गळते आहे. ठराव एकदा फेटाळल्यावर लगेच पुन्हा आणता येत नाही, म्हणून उपसरपंचांनी दुसरी वाट धरली आहे. मागच्या आठवड्यात ते ग्रामपंचायत कायद्यातलं कलम 39 विचारायला माझ्याकडं आले. त्या कलमाखाली गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर सिद्ध झाली तर विभागीय आयुक्त सरपंचाला पदावरून काढू शकतात. चौकशी जिल्हा परिषदेकडून होते.

ही वाटही आपल्याला वारशानंच मिळालेली आहे. 1882 साली लॉर्ड रिपननी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला तेव्हा सरकारी अधिकाऱ्यानं आत बसून हुकूम सोडू नयेत, बाहेरून लक्ष ठेवावं, असं त्यात होतं. पण काढण्याचा अधिकार वरच राहिला. 1935 च्या कायद्यातल्या कलम 93 नं गव्हर्नरला सगळा प्रांतिक कारभार हातात घेता येत होता आणि आपल्या घटनेच्या कलम 356 मागं, म्हणजे राष्ट्रपती राजवटीमागं, तोच साचा आहे. इंग्रजांनी सभागृह दिलं आणि शेजारी साहेबाची खोलीही ठेवली. आम्ही दोन्ही चालू ठेवलं. हाऊस ऑफ कॉमन्समधला अविश्वास त्या सभागृहाच्या अध्यक्षासमोर होतो. आमच्या गावातला तहसीलदारासमोर आणि माझ्यासमोर झाला, आणि आम्हाला दोघांनाही कुणी निवडून दिलेलं नाही. तो दिवस नीट पार पडला याचं समाधान आहेच. पण गावानं ज्या बाईला मतदान करून ठेवलं, तिला छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांच्या टेबलावरून काढता येईल, ही गोष्ट मला बरोबर वाटत नाही. गैरव्यवहार असेल तर चौकशी झालीच पाहिजे, तिचा निष्कर्ष गावासमोर वाचला पाहिजे आणि मत पुन्हा गावाचंच घेतलं पाहिजे.

उपसरपंचांना मी कलम वाचून दाखवलं, ते माझं कामच आहे. नंतर त्यांना विचारलं, "ठराव आपटला की आणणाऱ्या सदस्यांचीही पोटनिवडणूक लागेल, असा कायदा असता तर सही केली असती का?"

ते बराच वेळ चहाच्या कपाकडं बघत होते. म्हणाले, "आठ नसत्या झाल्या मॅडम. तीन-चार झाल्या असत्या."

कायद्यातल्या सुधारणांबाबत वरून अभिप्राय मागवले की आम्ही बहुधा "निरंक" कळवतो. या वेळी मी दीड पान लिहून दिलं आहे.