वहीतला चौथा रकाना

२७ ऑक्टोबर २००८. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. मी ब्रोकरच्या ऑफिसात बाकड्यावर बसून होतो आणि समोरच्या स्क्रीनवर सेन्सेक्स ७,७००च्या खाली घसरला. जानेवारीत हाच सेन्सेक्स २१,०००च्या वर होता आणि माझी बहुतेक खरेदी नेमकी त्या जानेवारीतली. टर्मिनलवरचे काका म्हणाले, "आता ६,००० बघायची तयारी ठेव." मी होतं नव्हतं ते विकून टाकलं. संध्याकाळी टीव्हीवर कळलं, बाजार ८,५००वर बंद झाला. चकली घशाखाली उतरेना.

पुढची बारा वर्षं एसआयपीशिवाय कशाला हात लावला नाही. मग २३ मार्च २०२० उजाडला. सकाळी दहा वाजायच्या आत लोअर सर्किट, म्हणजे घसरणीची ठरलेली मर्यादा लागली, ४५ मिनिटं व्यवहार बंद. चालू झाल्यावर आणखी पडझड. दिवसअखेर सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी खाली, २५,९८१वर. पोटात तोच जुना गोळा. पण या वेळी विकायचं नाही, आधी तपासायचं असं ठरवलं आणि मुलीची अर्धी कोरी वही घेतली.

तीन रकाने आखले : बाजाराचा मूड, निफ्टीचा पीई, देशाची परिस्थिती. निफ्टी म्हणजे सेन्सेक्ससारखाच, पण एनएसई या दुसऱ्या शेअर बाजाराचा निर्देशांक; पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले कंपनीची वर्षाची कमाई. पीईचे जुने आकडे एनएसईच्या साइटवर फुकट मिळतात. मूडसाठी इंडिया व्हिक्स, म्हणजे बाजाराची धास्ती मोजणारा आकडा, आणि परदेशी संस्थांची विक्री. व्हिक्स ८०च्या वर गेलेला, आणि परदेशी संस्थांनी एकट्या मार्चमध्ये ६० हजार कोटींहून जास्तीचे शेअर विकलेले. म्हणजे घबराट २००८च्या तोडीची. पीई मात्र १७च्या आसपास. २००८च्या ऑक्टोबरात तो १२च्याही खाली गेला होता. मी ठोकताळा बांधला : १२ आला की घ्यायचं. लॉकडाऊन, कारखाने बंद, माणसं रस्त्याने पायी गावी चाललेली. १२ येणारच की!

तो आला नाही.

३१ ऑगस्टला जीडीपीचा आकडा आला, एप्रिल-जून तिमाहीत जवळजवळ २४ टक्के घट. मी तो तिसऱ्या रकान्यात लाल शाईने लिहिला. निफ्टी तोवर ७,६००वरून ११,०००च्या वर गेलेला. ज्या वाईट बातमीची मी वाट बघत होतो, ती बाजाराने मार्चमध्येच पचवून ढेकर दिला होता. जीडीपीचा आकडा मागच्या तिमाहीचा असतो आणि तोही दोन महिन्यांनी हाती येतो, हे मला माहीत होतं. माहीत असणं वेगळं.

पण १२ का आला नाही, हे कोडं सुटलं ते जिन्यात. खालच्या मजल्यावरच्या भाऊंची एफडी रिन्यू व्हायची होती. "साडेपाच टक्के देतायत रे. २००८ला मी साडेदहाने ठेवली होती." मी तसाच वर गेलो आणि वही उघडली. पीई १२ म्हणजे शंभर रुपयांच्या शेअरमागे कंपनीची कमाई साधारण आठ रुपये. समोर एफडी दहाची, मग त्या भावातही लोक शेअर टाकून पळणारच. पीई १७ म्हणजे कमाई सहाच्या आसपास, पण समोर एफडीही साडेपाच-सहाचीच. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, २००८च्या जुलैअखेर ९ टक्के झाला होता. २०२०च्या मेमध्ये तो ४ होता. मी पीई २००८चा धरला आणि व्याजदर विसरलो. त्या दिवशी चौथा रकाना आखला : एफडी.

पुढे पीईनेही चकवलंच. २०२१च्या सुरुवातीला तो ४०च्या वर गेला, २००८च्या जानेवारीतल्या शिखरापेक्षा कितीतरी जास्त. मी जमवलेलं थोडंफार विकायला निघालो होतो. पण भागाकाराचा छेद बघितला तर कमाईत लॉकडाऊनची तिमाही बसलेली. नफाच आटला होता, म्हणून भागाकार फुगला. त्यात त्याच वर्षी एनएसईने उपकंपन्यांचा नफा धरून पीई काढायला सुरुवात केली आणि आकडा एका दिवसात ४०वरून ३३वर आला. बाजार जागचा फारसा हलला नव्हता. वहीत तिथे मी आडवी रेघ मारली आहे. तिच्या वरचे आणि खालचे आकडे एकमेकांशी जुळवायचे नाहीत.

४ जून २०२४ला लोकसभेचे निकाल लागत होते आणि सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी पडला. मोबाइल दिवसभर वाजत होता. काकांचाही फोन आला, "काढतोस का काही?" मी वही घेऊन बसलो. मूडच्या रकान्यात घबराट. पीई विशीच्या थोडा वर. एफडी सातच्या आसपास. देशाच्या परिस्थितीचा रकाना भरायला पेन टेकवलं आणि बराच वेळ काही सुचेना. शेवटी लिहिलं, 'कालचीच'.