स्टुटगार्टमधलं वाईनचं दुकान आणि आबांचा प्रश्न

मी अथणी तालुक्यातल्या द्राक्षबागेत वाढलो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग तोडणी आणि बेदाण्याची शेड, हे सगळं अंगात भिनलेलं. वाईनची माहिती मात्र शून्य. आमच्याकडे 'वाईन शॉप' अशी पाटी असते, त्या दुकानात रम, व्हिस्की, बियर मिळते. वाईन मागितलीच तर वरच्या फळीवरची एखादी धुळकट बाटली काढून देतात. कंपनीने 2 वर्षांसाठी जर्मनीत स्टुटगार्टला पाठवलं, तेव्हा वाईनचं चांगलं दुकान ओळखायचं कसं, हे मला पहिल्यापासून शिकावं लागलं.

सुरुवातीला सुपरमार्केटमधून लेबलावरचं चित्र बघून बाटल्या घेतल्या. पहिली अगदी सरबतासारखी निघाली. मग लेबलावरचे शब्द विचारून घेतले. 'ट्रोकन' म्हणजे कोरडी, तिच्यात लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर. 'हाल्बट्रोकन' निमकोरडी. 'लीब्लिश' गोडसर, मी आणली होती ती हीच. तेवढ्यानेच अर्धे पैसे वाया जायचे थांबले.

खरी शोधाशोध शनिवारी चालायची, कारण रविवारी तिकडे दुकानं बंद. पहिल्या दुकानात काचेच्या खिडकीत बाटल्या भर उन्हात मांडलेल्या होत्या. उन्हाने आणि उष्णतेने वाईन बिघडते. आमच्या शेडमध्येसुद्धा बेदाणा सावलीत वाळवतात, नाहीतर रंग जातो, आणि इथे तर बाटलीबंद माल उन्हात! विक्रेता मला सरळ सगळ्यात महाग बाटलीकडे घेऊन गेला. मी बाहेर पडलो.

दुसरं दुकान ऑफिसमधल्या एका स्थानिक सहकाऱ्याने सांगितलं. दोन पायऱ्या खाली उतरून जायचं, आत गारवा, उजेड बेताचा, बहुतेक बाटल्या आडव्या ठेवलेल्या. मालक साठीचे. त्यांनी बजेट विचारलं नाही, विचारलं, "आज जेवायला काय आहे?" मी म्हणालो, मटणाचा रस्सा, तिखट. मटण म्हटल्यावर ते तांबडी, भारी वाईन देतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, ती नको, कसदार तांबडीने आणि जास्त अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं. त्यांनी निमकोरडी रीस्लिंग दिली, ही पांढरी वाईन. त्या रात्री रश्श्याबरोबर ती घेतली आणि जीभ शांत झाली. तेव्हापासून माझी परीक्षा ठरली: दुकानदार आधी जेवण विचारतो की किंमत सांगतो?

पुढच्या खेपेला त्यांनी 'श्पेटलेझं' लिहिलेली बाटली दाखवली. शब्दाचा अर्थ उशिराची तोडणी. मी म्हणालो, मग गोडच असणार. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि समजावलं: हा दर्जा तोडणीच्या वेळच्या रसातल्या साखरेवरून ठरतो. ती साखर पुढे आंबवण्यात किती संपली, ही वेगळी गोष्ट, म्हणून श्पेटलेझंसुद्धा ट्रोकन असू शकते. माझ्या डोळ्यांपुढे आबा उभे राहिले. द्राक्षाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून, एक डोळा मिटून, सूर्याकडे तोंड करून 'गोडी' बघणारे. तीच मोजणी, फक्त तिकडे तिला 'अंश अ‍ॅक्स्ले' म्हणतात. मी हे मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्यानंतर आम्ही तासभर छाटणीवर बोललो, ग्राहक येत-जात राहिले.

त्यांनीच मला उलबाखकडच्या चढावरच्या बागा बघायला पाठवलं. दगडी बांधांवर वेली, आमच्यासारखा मांडव नाही, तारेवर सरळ उभ्या. दारावर झाडू टांगलेला दिसला की त्या शेतकऱ्याच्या घरी त्याचीच वाईन प्यायला मिळते. वर्षात जास्तीत जास्त 4 महिने अशी परवानगी असते. तिथे ट्रोलिंगर नावाची हलकी तांबडी पाव लिटरच्या पेल्यात घेतली. दुकानातल्या बाटलीमागे कोणाचे हात आहेत, ते मला तिथे दिसलं.

परत येताना श्पेटलेझंच्या 2 बाटल्या आणल्या. विमानाने येणाऱ्याला 2 लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. आबा माळकरी, पिण्याचा प्रश्नच नव्हता. पण बाटली हातात घेऊन उजेडात फिरवली, चष्मा वर करून लेबल न्याहाळलं.

"तोडताना गोडी किती होती गा?"

म्हटलं, "आपल्या मापात 20 च्या आसपास."

"मग आपण बेदाण्याला अजून थांबतो की," असं म्हणून त्यांनी बाटली हळूच, सावली बघून, कणगीच्या कडेला आडवी ठेवली.