वेगवान गाडीचे ब्रेक पॅड: आधी तापमान बघा, मग ब्रँड

पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना गाडी जवळजवळ पावणेसहाशे मीटर खाली येते. ही उंची इंजिन ब्रेकिंग (खालच्या गिअरमध्ये इंजिननेच वेग रोखणं) न वापरता नुसत्या ब्रेकवर उतरली, तर डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) आणि तिला दाबून धरणाऱ्या पॅडवर पडणारा भार ताशी १०० किलोमीटरवरून गाडी चौदा वेळा थांबवण्याएवढा होतो. गाडीचं वजन हिशेबाच्या दोन्ही बाजूंना येतं, त्यामुळे पोलो असो की ऑक्टाव्हिया, आकडा तोच. पॅड निवडायची सुरुवात इथून करावी. तुमचे ब्रेक किती तापतात आणि किती वेळ तापलेले राहतात, एवढं कळलं की निम्मी निवड झाली.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. थंड ब्रेकवर एकदाच कचकचून ब्रेक मारल्यावर एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागत असेल, तर महागडे पॅड टाकून ते अंतर कमी होणार नाही. तिथे टायरची पकड संपलेली असते. चांगल्या पॅडचा उपयोग आठव्या-दहाव्या ब्रेकला कळतो. टायर जुने झाले असतील तर पैसे आधी तिकडे घाला.

आता पेडल काय सांगतंय ते ओळखायला शिका, कारण ‘ब्रेक गेला’ या एका तक्रारीमागे दोन वेगळे आजार असतात. पेडल नेहमीसारखं कडक आहे, जोर लावला तरी गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय: हा पॅडचा फेड. पॅडमधलं रेझिन तापून वायू सोडतं आणि घर्षण पडतं. पेडल मऊ होऊन खाली जातंय, दोनदा पंप केल्यावर वर येतंय: हे ब्रेक ऑईल उकळल्याचं लक्षण. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. दुसऱ्या आजारावर जगातले सगळ्यात महाग पॅड टाकले तरी काही फरक पडत नाही. किंबहुना जास्त तापमान सोसणारे पॅड टाकल्यावर माणूस ब्रेक आणखी तापवतो आणि जुनं ऑईल लवकर उकळतं.

डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू नव्याने भरताना किमान २३० अंश सेल्सियस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने हवेत पाणीच असतं, म्हणून जोरात चालणाऱ्या गाडीचं ऑईल दर वर्षी पावसाळा संपल्यावर बदलावं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, नावात साम्य आहे म्हणून चुकूनही भरू नका.

पॅडच्या मसाल्याचे, म्हणजे डिस्कला घासणाऱ्या थराचे, प्रकार ढोबळमानाने असे. ऑरगॅनिक पॅड शांत, डिस्कला सौम्य, थंडीत लगेच पकडणारे, पण लांब उतारावर लवकर दमणारे. सिरॅमिकमध्ये धूळ कमी, अलॉय चाकं स्वच्छ राहतात. ईबीसी कंपनीचे रेडस्टफ या गटातले, शहर आणि हायवेसाठी छान. लो-मेटॅलिक आणि सेमी-मेटॅलिक (मसाल्यात कमी-जास्त धातू असलेल्या) पॅडची सुरुवातीची पकड जोरदार, उष्णता चांगली सोसतात, बदल्यात काळी धूळ आणि थोडा आवाज देतात. घाटात जोशात चालवणाऱ्यांचा कल याच गटाकडे असावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्याही वर फेरोडो डीएस२५०० सारखे पॅड येतात, घर्षणांक सुमारे ०.४२. अधूनमधून कारी किंवा बुद्ध सर्किटसारख्या रेस ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला ते शोभतात. रस्त्यावर ते किंचाळतात, याची तयारी ठेवावी.

निव्वळ रेसिंगचे पॅड रोजच्या गाडीत घालू नका. त्यांची खरी पकड तापल्यावर येते. महाबळेश्वरच्या पावसात सकाळी गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर गाय आडवी आली, तर तो पॅड थंड असतो, डिस्क ओली असते आणि त्या क्षणी साधा कंपनीचा पॅड त्याच्यापेक्षा आधी पकडतो.

पॅडच्या कडेला किंवा मागच्या पत्र्यावर दोन अक्षरं छापलेली असतात: एफएफ, जीजी, एफई अशी. पहिलं अक्षर कमी तापमानातलं घर्षण, दुसरं गरम झाल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई दिसलं तर समजा की तापल्यावर हा पॅड ढिला पडतो, घाटासाठी नको. मात्र ही चाचणी एक इंची तुकड्यावर होते आणि गरम भाग साधारण ३४३ अंशांवर संपतो, म्हणून ट्रॅकच्या तापमानाबद्दल ही अक्षरं गप्प असतात. पत्र्यावर गोलातला ई आणि ९०आर असेल, तर तो पॅड युरोपच्या नियमाप्रमाणे मूळ पॅडच्या १५ टक्के इकडे-तिकडेच काम करतो. रोजच्या गाडीसाठी हा शिक्का मोठा भरवशाचा.

प्रत्यक्ष तापमान मोजायचं असेल तर उष्णतेने रंग बदलणारे पेंट मिळतात. डिस्कच्या बाहेरच्या कडेला तीन छोटे ठिपके द्यायचे. हिरवा ४३० अंशांना पांढरा होतो, नारिंगी ५६० ला पिवळा, लाल ६१० ला पांढरा. नेहमीच्या घाटातून उतरून आल्यावर हिरवा तसाच हिरवा असेल, तर ट्रॅकच्या पॅडचा विचार डोक्यातून काढून टाका.

फक्त पुढचे पॅड जास्त पकडीचे टाकले तर पुढची चाकं लवकर लॉक होण्याच्या बेतात येतात, एबीएस लवकर जागा होतो आणि मागची चाकं काम न करताच फिरत राहतात. पोलो जीटी टीएसआयला मागे ड्रम आहेत, तिथे हे प्रकर्षाने जाणवतं. मागे डिस्क असेल तर चारही चाकांना एकाच कुळातला मसाला घाला. मागे जास्त आणि पुढे कमी, हे तर धोकादायकच, कारण वळणात मागचा भाग सुटतो.

मागवताना नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलला इंजिनप्रमाणे वेगळी डिस्क येते, आणि २८८ मिलिमीटरचा पॅड ३१२ ला चालत नाही. फोक्सवॅगन-स्कोडामध्ये सर्व्हिस पुस्तकातल्या स्टिकरवर पुढच्या ब्रेकचा कोड १झेड किंवा १एल ने सुरू होतो, मागचा १के ने. तो कोड, चासी नंबर आणि जुन्या पॅडच्या पत्र्यावरचा आकडा, तिन्ही जुळवा.

जुना पॅड फेकण्याआधी हातात घेऊन बघा. एक टोक दुसऱ्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर पातळ असेल किंवा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला असेल, तर कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची) पिन अडकतेय. ती साफ करून सिलिकॉन ग्रीस लावल्याशिवाय नवा पॅड बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. कडा राखाडी-पांढरट होऊन बोटाने भुगा पडत असेल, तर पॅड त्याच्या कुवतीबाहेर तापला आहे. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटरने मोजा. त्याच्या जवळ आली असेल तर लेथवर मारून घेऊ नका, बदला. डिस्क चांगली असली तरी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने जुन्या पॅडचा थर घासून काढा. ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरलं की सगळे ‘डिस्क वाकली’ म्हणतात, पण बऱ्याचदा डिस्कवर मसाला कुठे जाड, कुठे पातळ बसलेला असतो.

नवा पॅड बसवण्यासाठी कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑईल वर येतं. थोडं आधी काढून घ्या, रंगावर सांडलं तर रंग जातो. मागचा पिस्टन अनेक गाड्यांत फिरवत आत न्यावा लागतो, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो. जोर लावून दाबला तर मोटर जाते. चाकाचे बोल्ट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, टॉर्क पान्यानेच. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा.

मग बेडिंग, म्हणजे नव्या पॅडचा मसाला डिस्कवर एकसारखा बसवणं. कंपनीने पद्धत दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर पहाटे मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट सोडून. पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की तिथेच मसाल्याचा ठसा उमटतो. शेवटी दहा मिनिटं ब्रेक शक्यतो न लावता चालवा. डिस्कवर एकसारखी करडी-निळसर झाक दिसली की काम झालं. पाचशे किलोमीटरनंतर चाक काढून आतला पॅड पुन्हा मोजा. बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला दिसला तर पिन परत उघडा.