दाराखालची फट

वारीला निघायच्या आदल्या रात्री मी बायकोशी भांडलो. वारीच्या अनुभवाची सुरुवात अशी करणं बरं दिसत नाही, पण झालं तसं लिहितोय.

आमची लेक साडेतीन वर्षांची. तिचा शाळेचा पहिलाच आठवडा, त्यात नाक गळतंय, आणि मी पाच दिवस घरी नाही. वारी खरी दादांची. माझ्या वडिलांनी सलग बावीस वर्षं केली, यंदा गुडघ्याने साथ सोडली. दिंडीची भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी, मात्र त्यांनी आधीच भरून ठेवली होती. "नाव माझं राहू दे, पाय तुझे लाव," म्हणाले. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत जायला मला इतकी रजा कोण देणार? मेंटेनन्सला असलेल्या माणसाला पाच दिवस मिळाले हेच खूप. म्हणून पुणे ते लोणंद. बायकोने पोळी लाटताना मान वर न करता विचारलं, "आईंनी बावीस वर्षं सांभाळलं, म्हणून आता मी सांभाळायचं, असंच ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आवाज चढला. मग मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळाने दाराखालच्या फटीतून अर्धं बिस्किट आत सरकलं, एका कडेने चोखलेलं. त्यामागून चार बोटं आली. मी दार उघडलं, लेकीला उचललं, पण बायकोशी बोललो नाही. पहाटे निघालो तेव्हा दोघी झोपेत होत्या.

पुण्यात माउलींचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात असतो. तिथून पहाटे निघून हडपसरला आलो. इथे दोन पालख्यांच्या वाटा फुटतात, तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची सासवडकडे. दिवस एकादशीचा, म्हणजे उपास, आणि चाल सगळ्या वारीतली सर्वांत लांब, तीस किलोमीटरच्या आसपास. साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, वाटेत लोक अक्षरशः हात धरून खायला घालत होते. वडकी नाल्यापर्यंत मी तीनदा खिचडी खाल्ली. याला उपास म्हणायचं का, हे दादांना विचारायचं राहून गेलं.

दिवे घाटाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. ते वरून काढलेले. आत चालणाऱ्याला पुढच्याची मान दिसते, पाठ दिसते आणि त्याच्या पिशवीला बांधलेली प्लास्टिकची बाटली दिसते. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या, तरी चढावर बैलांच्या तोंडाला फेस आला होता. पाऊस धड पडत नव्हता, थांबतही नव्हता. आमच्या दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मधे मृदंग, त्यामागे विणेकरी आणि शेवटी तुळस घेतलेल्या बायका. मला टाळ दिले होते. पाऊल आणि टाळ यांचा मेळ बसायला मला अख्खा घाट लागला. मेळ बसल्यावर दम लागायचा कमी झाला. त्यात चमत्कार काही नाही. श्वास एका ठेक्यात आला, एवढंच.

लहानपणी मला दादांच्या वारीचा राग यायचा. शाळा सुरू व्हायची आणि त्याच सुमाराला हे निघायचे. वह्या-पुस्तकं, रेनकोट, दप्तराची तुटलेली चेन, सगळं आई बघायची. वर त्यांची पिशवीसुद्धा तीच भरायची. धोतरं, सतरंजी, गोपीचंदन, खोबरेल तेलाची बाटली, आणि ती सांडू नये म्हणून तिच्या झाकणाला गुंडाळलेलं प्लास्टिक. परवा तीच पिशवी तिने माझ्यासाठी भरली. झाकणाला प्लास्टिक होतंच.

सासवडच्या तळावर समाजआरतीला उभा राहिलो. हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं गप्प. मग पुकारा सुरू होतो, कुणाचं काय हरवलं, कुणाला काय सापडलं. एक चष्मा होता, एक किल्ल्यांचा जुडगा होता. एवढ्या मोठ्या सोहळ्याच्या ऐन मध्यावर किल्ल्यांचा विचार होतो, हे मला फार आवडलं.

रात्री पाहिलं तर दोन्ही टाचांना फोड आलेले. मी नखाने फोडायला लागलो, तर शेजारच्या राहुटीतल्या एका आजी ओरडल्या. "आरं, हात नको लावू माउली!" परभणीकडच्या होत्या. त्यांनी कनवटीच्या पिशवीतून सुई काढली, काडीच्या ज्योतीवर धरली, दोरा ओवला आणि फोडातून आरपार काढून दोऱ्याची टोकं तशीच लोंबती ठेवली. पाणी दोऱ्यावाटे आपोआप झिरपतं आणि वरची कातडी शाबूत राहते, म्हणून जखम उघडी पडत नाही. वर हळद-तेल लावलं. माझ्या आईच्या वयाची बाई माझी टाच मांडीवर घेऊन बसलेली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय मागे घेतला तर पोटरीवर चापट बसली.

"किती लेकरं हैत?"

"एक मुलगी."

"मंग मुक्ताई हाय की घरात."

सासवड सोपानकाकांचं. 1296 च्या कार्तिकात माउलींनी आळंदीला समाधी घेतली आणि महिन्याभरात त्यांच्या या धाकट्या भावाने इथे. त्यामुळे बोलणं आपोआप त्या चार भावंडांवर आलं. आजींनी ताटीची गोष्ट सांगितली. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचं दार, म्हणजे ताटी, लावून आत बसले. बाहेर सगळ्यात धाकटी मुक्ता. तिने दाराशी उभं राहून त्यांना समजावलं, ताटी उघडायला लावली. गोष्ट मी शाळेत ऐकलेली होती. पण तळावर, टाचेत दोरा अडकलेला असताना ऐकली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते अर्धं बिस्किट आलं. आजींना मी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

त्यांना विचारलं, कितवी वारी? म्हणाल्या, "सहावी. माळ घातली तिशीत, वारी घडली साठीत. तवर कोण सोडतंय?" तक्रारीचा सूर नव्हता. सुई पुसून पिशवीत ठेवली आणि तोंडावर पदर घेऊन आडव्या झाल्या.

दुसरा दिवस सासवडलाच मुक्काम. सोपानकाकांची पालखीही इथूनच पंढरीला निघते, तिला निरोप द्यायला गर्दी उसळली होती. मी त्या गर्दीत नव्हतो, पाय बादलीत घालून बसलो होतो. डोक्यात या चौघांचे वडील होते. विठ्ठलपंत संसार टाकून काशीला गेले, संन्यास घेतला. घरी बायको आहे हे कळल्यावर गुरूंनीच त्यांना परत पाठवलं. परत आले, मग ही चार मुलं झाली. संन्याशाची पोरं म्हणून त्यांचे हाल झाले ते वेगळंच. पण माउली आम्हाला मिळाली ती परत आलेल्या माणसाच्या घरात, ही गोष्ट कीर्तनात जरा घाईने उरकतात असं मला वाटतं. रुक्मिणीबाईंनी मधली वर्षं कशी काढली, त्यावर तर दोन वाक्यंसुद्धा नसतात.

दुपारी फोन लागला. लेक म्हणाली, "बाबा, तू ट्रकमध्ये झोपतोस?" मी म्हटलं, ट्रकच्या बाजूला, तंबूत. एवढं ऐकून फोन टाकून ती पळाली. मागून बायकोचा आवाज आला, सर्दी उतरली आहे, शाळेत रडली नाही. मग म्हणाली, "पाय कसे आहेत?" मी म्हटलं, "आदल्या रात्री मी चुकलो." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "ऐकू नाही आलं," ती म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. दिंडीतले दोघेजण मान वळवून माझ्याकडे बघायला लागले.

जेजुरीत भंडाऱ्याने सगळे पिवळे झालो. वाल्ह्याची चाल त्यामानाने छोटी. नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. तिथे मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, नदीपलीकडे सातारा जिल्हा. एका तरुण बापाच्या खांद्यावर पोरगं बसलेलं होतं, त्याच्या कपाळावर बापाने गंध लावला होता तो पावसाने नाकापर्यंत ओघळला होता. बाप पुसत होता, पोरगं तोंड फिरवत होतं. मी बराच वेळ त्यांच्याकडेच बघत राहिलो, पालखी पुढे सरकली तेव्हा दिंडी शोधायला धावावं लागलं.

लोणंदला टाळ परत केले. विणेकऱ्यांच्या पाया पडलो, त्यांनी माझ्या पायाला हात लावला. वारीत असंच असतं, तरी अवघडायला होतं. आजींची राहुटी शोधली, सापडली नाही. पुण्याची गाडी धरली. अंगाला ओल्या सतरंजीचा वास येत होता, शेजारचा माणूस थोडा सरकून बसला.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा. दादा जागेच होते. त्यांनी आधी टाचा बघितल्या, दोरा बघितला आणि काही न बोलता मान डोलावली. आईने पिशवी उपसायला घेतली, तर मी ती तिच्या हातातून काढून घेतली. धोतरं मीच बादलीत टाकली.

बायकोने ताट वाढलं. समोर बसून म्हणाली, "पुढच्या वर्षी एकादशीला मी चालणार. सासवडपर्यंत. आईंनाही विचारलंय, त्या घाटापर्यंत तरी येते म्हणतात."

मी म्हटलं, "साबुदाणा रात्रीच भिजत घालायचा ना?"

"रात्रीच. आणि पाणी बेताने घाल, नाहीतर गोळा होतो."